रोजनिशी कोण वाचणार?

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या शाळेतली पालकसभा चांगलीच तापली. मुलांची रोजनिशी यापुढे वहीऐवजी ऑनलाइन लिहून घ्यावी, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं होतं. समग्र प्रगतीपत्रकात मुलांनी स्वतःबद्दल सांगायचं असतंच, मग ते सगळं एका जागी राहील, असा त्यांचा हिशोब. निम्मे पालक म्हणाले, अक्षर बिघडेल, आधीच मोबाइलचं वेड आहे. उरलेले म्हणाले, इंग्रजी शाळांतली मुलं टॅबवर लिहितात, आमचीच मागे का? रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, तुमच्याकडे डेन्मार्कात तर सगळं ऑनलाइन असतं. तिकडे काय करतात?"

परदेशात राहणाऱ्याला असा प्रश्न अडचणीचा वाटतो. उत्तर देता देता आपण इकडची जाहिरात कधी करू लागलो, ते कळतही नाही. म्हणून तिला आधी हेल्सिंगोर या डॅनिश शहराची गोष्ट सांगितली.

2022 च्या जुलैत डेन्मार्कच्या डेटा संरक्षण यंत्रणेने हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) आणि गूगल वर्कस्पेस (गूगलची ऑनलाइन कामाची साधनं) वापरायला बंदी घातली. मुळाशी एका पालकाची तक्रार होती. शाळेच्या खात्यावरून त्याच्या मुलाचं यूट्यूब खातं तयार झालं होतं आणि तिथे मुलाचं नाव उघड दिसत होतं. एका बापाने हट्टाने विचारत राहिल्यामुळे प्रकरण इथवर आलं. पुढे दोन महिन्यांत बंदी स्थगित झाली, आणि 2024 च्या जानेवारीत 53 नगरपालिकांना मुलांच्या माहितीचा व्यवहार कायद्यात बसवण्याचा आदेश निघाला. म्हणजे इकडेही आधी यंत्रं वाटली गेली आणि प्रश्न मागाहून पडले. क्रोमबुक अजून दप्तरात आहेतच, माझ्या मुलीच्याही.

तिचा अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. आम्ही आलो तेव्हा ती सात वर्षांची होती आणि डॅनिशचा एक शब्द येत नव्हता. वर्गात दर शुक्रवारी प्रत्येकाने आठवड्याबद्दल मिनिटभर बोलून ते टॅबवर साठवायचं, असा रिवाज होता. हिने मराठीत बोलून टाकलं. सोमवारी बाईंचं उत्तर आलं, तेही रेकॉर्ड केलेलं: "मला शब्द कळले नाहीत, पण तू दोनदा हसलीस. कशाला?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी पोरीने आठवडाभर शब्द गोळा केले. पुढच्या शुक्रवारी मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये तिने सांगितलं की शेजारच्या बाकावरचा मुलगा बूट उलटे घालून आला होता. वहीवर हे झालं नसतं. ज्याला लिहिता येत नाही, ज्याची भाषा वर्गाची नाही, ज्याची अक्षरं उड्या मारतात, त्याच्यासाठी आवाजाची, चित्राची रोजनिशी हा खरा फायदा आहे. बहिणीच्या वर्गात घरी वेगळी बोली बोलणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी तर मी हे आधी सांगेन.

आता दुसरी बाजू. चौथीत शाळेने नवं साधन आणलं. नोंद लिहिली की ती आपोआप सगळ्या वर्गाला दिसायची. हे बदलता येतं, पण ते कोणी पाहिलंच नव्हतं. मुलीने लिहिलं की एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिला कंटाळा आला. डब्याच्या सुट्टीपर्यंत ते मैत्रिणीने वाचलेलं होतं. त्या दिवसापासून हिच्या नोंदी अशा: "आजचा दिवस छान गेला. गणित मजेचं होतं." मी वाचलं आणि हसू आलं, कारण ही रोजनिशी मला पाठ होती. आपल्याकडे सुट्टीच्या अभ्यासात रोज पाच ओळी लिहायच्या असत. "सकाळी लवकर उठलो. दात घासले. आईला मदत केली." मी शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री तीस दिवस एका बैठकीत लिहिले होते. कधी निळं पेन, कधी काळं, मधेच पेन्सिल, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. बाई ओळखायच्याच, पण पानाखाली सही ठोकून सोडून द्यायच्या. ऑनलाइन साधनात तेवढीही सोय नाही. काय कधी लिहिलं आणि काय खोडलं, हे बरेचदा बदलांच्या इतिहासात राहतं.

पेन की कीबोर्ड, हा पालकसभेतला वाद मला म्हणूनच बाजूचा वाटतो. खोटी रोजनिशी दोन्हीकडे लिहिता येते. मूल खरं लिहितं की नाही, हे वाचणारा कोण त्यावर ठरतं, आणि साधन बदललं की वाचणारे बदलतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे तर शाळेच्या 'डायरी'चा अर्थच उलटा आहे. डायरी म्हणजे बाईंनी पालकांना लिहायचा शेरा. मुलाने तिच्यात काही लिहिलेलं मला आठवत नाही, बापाची खोटी सही सोडून.

बहिणीला मी विचारलं, मुलं लिहिणार कशावर? "बाबांच्या फोनवर." म्हणजे पहिला वाचक बाबा. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या ग्रामीण अहवालात 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; पण तो वापरता येणाऱ्या 14 वर्षांच्या मुलांत स्वतःचा फोन असणारी साधारण 27 टक्केच. सहावीतलं मूल तर त्याहून लहान. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी साधारणपणे पालकांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. कागदावर हे इकडच्या इतकंच कडक, वयाच्या बाबतीत जास्तच. पण कायदा कंपनीला अडवतो. बाबांनी फोन हातात घेऊन "हे काय लिहिलंस?" विचारलं, तर त्यावर कलम नाही.

इकडच्या बाई एक फरक करतात, तो मी बहिणीला कळवला. अभ्यासाची नोंद वेगळी: काय कळलं, कुठे अडलं. ती ऑनलाइन, बाईंना दिसणारी, आवाजात असली तरी चालेल. मनातली रोजनिशी वेगळी, ती कागदावर, आणि तिला गुण नाहीत, व्याकरणाची लाल शाई नाही. बहीण म्हणाली, "हे ठीक, पण तुमच्याकडे वर्गात सहसा 28 च्या वर मुलं नसतात. माझ्याकडे 43. तुमच्या बाई शुक्रवारच्या सगळ्या नोंदींना उत्तर देतात, मी कधी देऊ? रात्री?" मला उत्तर नव्हतं. साधन आणलं की शिक्षकांचं काम वाचतं, असं सभेत कुणीतरी म्हणालं होतं. उलट आहे. 43 मुलांनी खरोखर लिहिलं, तर 43 जणांना उत्तर हवं असतं.

शेवटी तिने स्वतःच तोडगा काढला, माझ्या सल्ल्यापेक्षा बरा. रोज आठ-नऊ मुलांच्या अभ्यासनोंदी ऐकायच्या, म्हणजे आठवड्यात वर्ग पुरा. नोंदी शाळेच्या टॅबवर, शाळेतच. रोजनिशी मात्र वहीत, आणि वह्या वर्गातल्या कपाटात. ज्या पानाला घडी घातली असेल, ते बाई वाचणार नाहीत, असं तिने मुलांना सांगितलंय. मुख्याध्यापकांना हे अर्धवट वाटतं. सत्र संपेपर्यंत चालू द्या म्हणालेत.

पहिल्या शनिवारी सगळ्या वह्यांत मिळून दोन पानांना घडी होती. गेल्या शनिवारी अकरा. बहीण म्हणाली, त्यात एका मुलीची वही आहे, तिने आधी दीड महिना फक्त तारीख लिहिली होती.