बसलेला रोहित बघवत नाही का तुम्हाला?

आज पौर्णिमा, म्हणजे भरती बाराच्या सुमाराला. म्हणून ठाण्याहून पनवेल लोकल पकडून सीवूड्सला उतरले आणि नेरूळचा डीपीएस तलाव गाठला. भरतीचं पाणी चढलं की ठाणे खाडीतला चिखल बुडतो, रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, जेवण थांबतं, मग ते नेरूळच्या तळ्यांवर येऊन एका पायावर डुलक्या काढतात. ते बघायला जायचं असतं. गप्प बसून.

आज तिथे एक कुटुंब. बाबा टाळ्या पिटतायत, मुलगा "उड, उड" ओरडतोय, आई मोबाइल धरून तयार. "बसलेल्यांचं काय काढायचं? उडाले की पंख कसले लाल दिसतात!" टाळ्यांनी कोणी हललं नाही, तेव्हा बाबांनी ढेकूळ उचललं. अख्खा थवा उठला. झालं रील.

माझं डोकंच फिरलं. बोलले. बरंच बोलले.

विटाव्याच्या आबांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगते. मी नववीत होते. आबा माझ्या बाबांचे कारखान्यातले दोस्त, घरची होडी. कॅलेंडरात तिथी बघायचे, तिला पाऊणने गुणायचे आणि भरतीची वेळ सांगायचे. अष्टमी? सहा वाजता. ओहोटीला त्यांनी मला खाडीत नेलं. लांबवर चिखलात गुलाबी रेघ दिसली, आम्ही जरा जवळ गेलो, आणि मध्येच आबांनी होडी वळवली. थेट धक्क्यावर. वाटेत एक शब्द नाही.

आता सगळीकडे घाई. हिवाळ्यात घारापुरीच्या लाँचवरून कुरवांना गाठ्या. गाठ्या! मासे खाणाऱ्या पक्ष्याला बेसन तळून! पावसाळ्यात कर्नाळ्याला तिबोटी खंड्या पिल्लांना भरवायला येतो, तर बिळासमोर कॅमेऱ्यांची भिंत. येऊरला नवरंगाला मोबाइलवर त्याचीच शीळ ऐकवून बाहेर काढतात. तो बिचारा हद्दीत कोण घुसलं म्हणून धावत येतो. अरे, एवढी हौस आहे तर ठाण्यात तलावपाळीवर जा, झाडावर रातबगळा दिवसभर बसलेला असतो. पण तो राखाडी. त्याला लाइक कोण देणार?

खाडीला २०१५ला अभयारण्य केलं, २०२२ला जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसरचा शिक्काही बसला. छान. पण ही तळी त्या हद्दीबाहेर, आणि रोहित फलक वाचून उतरत नाही. इथून उठवलं तर भर भरतीत त्याने जायचं कुठे? २०२४च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत चाळीसेक रोहित गेले. ती रात्र आठवली की अजून पोटात कालवतं.

हो, मान्य आहे, रीलवाल्यांमुळेच लोकांना हा तलाव कळला, आणि त्याच वर्षी भरतीचं पाणी अडून तो कोरडा पडला तेव्हा ओरडायला चार माणसं जास्त आली. मान्य. पुढे.

आबांनी होडी का वळवली, ते मी कधी नीट सांगितलेलं नाही. मी होडीच्या कडेचा चिखल मुठीत घेऊन फेकला होता. उडावेत म्हणून. पोहोचला नाही, पाण्यात 'पचाक्' आवाज झाला, कडेचे पाच-सहा उडाले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! धक्क्यावर होडी बांधताना आबा एवढंच म्हणाले, "त्याचा प्वॉट भरला का आपआप उरतो तो." उरतो म्हणजे उडतो. आणि पुढच्या रविवारी मला परत घेऊन गेले. लांब थांबलो, वल्ही वर घेतली. पाणी चढायला लागलं तसे ते आपणहून उठले, आमच्या डोक्यावरून गेले. एवढा मोठा थवा! त्याच्या पंखांचा आवाज मला अजून येतो.

लोकलमध्ये बसून हे लिहितेय, ऐरोली गेलं आत्ता. त्या बाबांना मी त्यांच्या पोरासमोर नाही नाही ते बोलले. पोरगा माझ्याकडे बघत नव्हता, चपलेने माती उकरत होता. नऊ-दहा वर्षांचा असेल. आबा मला असं बोलले असते तर मी परत खाडीकडे फिरकले नसते.

नेरूळ-सीवूड्सचे बरेच जण इथे आहात. निळा टीशर्ट, डोळ्यांवर चष्मा, आईच्या हातात पिवळी पिशवी. ओळखत असाल तर त्यांना सांगा, अमावास्येलाही भरती बाराचीच असते. मी तिथेच असेन. माझ्याकडे दुर्बिणी दोन आहेत.