‘चहाच्या गप्पा’ म्हणणाऱ्या वाचकांस

सप्रेम नमस्कार. शिक्षक सहकाऱ्यांशी बोलताना शिकत राहतात, या माझ्या लेखावर आपण ‘एक निवृत्त अधिकारी’ अशी सही करून लिहिले आहे, ‘प्रशिक्षणाचा कंटाळा आलेल्यांनी चहाच्या गप्पांना अभ्यास हे नाव दिले आहे.’ मतभेदाला माझी ना नाही. पण ज्यांच्या वर्गात आपण कधी बसला नाहीत त्यांना कामचुकार ठरवण्याचा अधिकार निवृत्तीबरोबर मिळतो, हे मला नवीन आहे. पाठ्यपुस्तक बदलले की त्याची मांडणी समजून घ्यायला प्रशिक्षणच उपयोगी पडते, एवढे मी मान्य करते.

आता त्या ‘गप्पां’विषयी. अक्कलकोट तालुक्यातील मराठी माध्यमाच्या द्विशिक्षकी शाळेत मी दुसरीला शिकवत असताना कन्नडभाषक घरांतली काही मुले ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहीत. उजळणी, श्रुतलेखन, गिरवणे, सगळे करून झाले होते. सोबतच्या गुरुजींची मातृभाषा कन्नड. मधल्या सुट्टीत माझ्याकडच्या वह्या चाळता चाळता ते म्हणाले, ‘बाई, यांच्या घरी इप्पत्तैदु म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. तुमच्या तोंडून पाच आधी येतो, म्हणून ती पाच आधी लिहितात.’ दुसऱ्या दिवसापासून आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडून ‘दोन दशक पाच’ म्हणवून घेऊ लागलो आणि मगच पंचवीस. पुढे सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगूभाषक मुलांना शिकवणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितले, तेव्हा तिच्या वर्गातली अडचणही तीच निघाली, कारण तेलुगूतही दशक आधी येतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाची पद्धत आली आणि विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मात्र डबे उघडे ठेवून त्यावर शांतपणे बोलणे झाले, कारण बहुतेकांनी तशा वह्या पाहिलेल्या होत्या. प्रशिक्षणातले प्रश्न आधीच ठरलेले असतात. माझ्या वर्गातला प्रश्न तिथे कुणी विचारत नाही, आणि समोर शंभर माणसे असताना तो विचारायचा धीर मलाही होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते, आणि तिथेच शिक्षकांनी एकमेकांना कल्पना व चांगल्या पद्धती सांगाव्यात यासाठी व्यासपीठे उभारण्याचेही म्हणते. आपण अधिकारी होता, तेव्हा तास मोजताना तो भागही नजरेखालून गेला असेलच.

‘सहकाऱ्यांच्या चुकाही अशाच पसरतात, त्या तपासणार कोण’ हा आपला दुसरा प्रश्न. त्या चुका मुलांच्या वह्याच तपासतात. यावर अधिक लांबण लावण्याची गरज मला वाटत नाही. शाळेची वेळ वाया जाते या तिसऱ्या विधानाला मी उत्तर देत नाही, कारण तो मुद्दा नसून आरोप आहे, आणि आरोप करणाऱ्याने निदान स्वतःचे नाव लिहावे.