झाकणाचा पाठपुरावा

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरचे बिडाचे झाकण गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत नाहीसे झाले. बिडाच्या झाकणांना पाय फुटतात आणि ते पाय भंगाराच्या दुकानाकडेच वळतात, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे झाकण कोठे गेले असावे याविषयी गल्लीत मतभेद नव्हते. मतभेद होते ते पुढे काय करायचे याविषयी. यंत्रमागावरून रात्रपाळी करून परतणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, खड्ड्याकडे दुर्लक्ष करावे, फक्त पाय टाकताना करू नये. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. जगातील कोणतीही गोष्ट योग्य त्या टेबलावर योग्य तो कागद ठेवला की होते, या श्रद्धेवर मी नोकरी काढली आणि पेन्शनही त्याच श्रद्धेवर घेतो. त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आले.

मी आधी कायदा वाचला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे. रस्त्यांवर दिवाबत्ती करणे, रस्ते झाडणे, धोकादायक इमारती आणि जागा सुरक्षित करणे ही कामे तिच्यात येतात. करायची तर करावीत अशी ऐच्छिक कामे पुढे कलम ६६ मध्ये आहेत. आमचा खड्डा सहासष्टात नसून त्रेसष्टात बसतो, या शोधाने मी इतका हरखलो की तो प्रत्यक्षात किती खोल बसला आहे हे पाहण्यासाठी सकाळीच बाहेर पडलो. कमरेइतका खोल, कडेचे सिमेंट झिजून गुळगुळीत झालेले, आतल्या भिंतीत गंजलेली एक लोखंडी पायरी आणि तळाच्या काळ्या पाण्यावर डाव्या पायाची एक रबरी चप्पल तरंगत असलेली. उजव्या पायाची चप्पल घालून कोणी घरी गेले असेल, तर ते सुखरूप गेले असावे, असा मी त्यातून दिलासा घेतला.

गल्लीने आपल्या परीने सुरक्षिततेचे उपाय तोवर योजले होते. प्रथम बाभळीची फांदी खोचण्यात आली. ती शेळ्यांनी खाल्ल्यावर फुटका प्लास्टिकचा टब उपडा ठेवण्यात आला, आणि टब रात्री काळोखात दिसत नाही म्हणून त्यातून एक बांबू उभा करून त्याला चादरीच्या कारखान्यातून आणलेली लाल किनार बांधण्यात आली. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीचा असा उपयोग मानांकन देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावा. टब इतका रुळला की घरपोच सामान आणणारी मुले पत्ता विचारताना ‘टबाच्या अलीकडं की पलीकडं?’ असे विचारू लागली. शेजारी विजेचा खांब होता, पण त्याचा दिवा लागत नव्हता; त्याविषयी दिवाबत्ती विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागेल असे कळल्यामुळे तो विषय मी मनातल्या मनात पुढच्या वर्षावर टाकला.

खरी परीक्षा पाण्याच्या दिवशी असे. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, आणि येताना ते आपली वेळ पाहते, आमची नाही. रात्री अडीच वाजता ‘आलं ओ पाणी!’ अशी आरोळी उठली की सारी गल्ली एकाच वेळी जागी होते, टिल्लू मोटारी सुरू होतात, पाइप रस्त्यावर आडवेतिडवे पसरतात आणि झोपेतून उठलेली माणसे कळशा घेऊन अंधारात धावतात. अशा एका रात्री समोरच्या अक्का दारात उभ्या राहून पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला आधी तेलुगूत, मग मराठीत आणि पलीकडच्या बोळातील लोकांसाठी कन्नडमध्ये ‘टबाकडं जाऊ नका’ असे ओरडून सांगत होत्या. धोक्याची सूचना तीन भाषांत देणारी यंत्रणा मी शहरात तेवढी एकच पाहिली, आणि तिला मानधन नव्हते.

अर्ज घेऊन मी झोन कार्यालयात गेलो. तेथे माझ्याशी कोणीही उद्धटपणे बोलले नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण उद्धटपणे बोलले असते तर निदान भांडता तरी आले असते. आवक विभागातील बाईंनी अर्जावर शिक्का मारून पोच दिली आणि विचारले, “चेंबर कोणाचं आहे?” मी म्हणालो, “रस्त्यात आहे, म्हणजे आपलंच.” त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी विसरणार नाही. रस्त्यात असलेली वस्तू रस्त्याची असते हा सामान्य माणसाचा गैरसमज आहे. रस्ता बांधकामवाल्यांचा, त्याखालचे सांडपाणी ड्रेनेजचे, पिण्याचे पाणी पाणीपुरवठ्याचे, तारा वीज कंपनीच्या आणि ज्यांचे फोन आता कोणाकडेच नाहीत त्या जुन्या केबली टेलिफोन खात्याच्या. या सर्वांना आपापली चेंबरे आहेत, आणि झाकण गेल्यावर सगळी सारखीच दिसतात.

मग पाहणी ठरली. पाहणीला कनिष्ठ अभियंता येणार म्हणून मी आणि गल्लीतील दोघेतिघे, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत उभे राहतात तसे, उन्हात उभे राहिलो. आले ते अवेक्षक, म्हणजे कामावर देखरेख करणारे. अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी बांबू बाजूला केला, टब उचलला, मोबाइलचा उजेड आत सोडला आणि विचारले, “खाली पाणी कसलं आहे बघितलाव का मालक?” चेंबर ओळखण्याची त्यांची पद्धत शास्त्रीय होती. आत घाण पाणी असेल तर ते ड्रेनेजचे, स्वच्छ असेल तर पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हचे आणि कोरडे असेल तर केबलचे. “आणि दोन्ही पाणी एकत्र असेल तर?” मी विचारले. “मग आरोग्य विभागाचं,” ते म्हणाले. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. पावसाळ्यामुळे आत पावसाचे पाणी होते आणि पावसाच्या पाण्याला खाते नाही. सबब चेंबरची मालकी पाऊस ओसरल्यावर ठरवावी, असा शेरा पडला.

दरम्यान मुलाने मला तक्रारीचे ॲप लावून दिले. टबाचा फोटो जोडून मी तक्रार नोंदवली. ॲपची तत्परता वाखाणण्याजोगी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी तक्रार ‘निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला आणि पुराव्यादाखल एका देखण्या, काठोकाठ बसलेल्या झाकणाचा फोटोही आला. त्या फोटोत मागे एक नारळाचे झाड होते. आमच्या गल्लीत नारळाचे झाड नाही. ज्या गल्लीत ते आहे त्या गल्लीतील नागरिकांचे मी मनापासून अभिनंदन करतो.

यानंतर मी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी ठेवलेल्या लोकशाही दिनाकडे वळलो. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे आज खड्ड्यात पडलेल्या माणसाने पडण्याचा बेत आधीच्या महिन्यात आखलेला बरा. माहिती अधिकाराचाही अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवून ‘सदर चेंबर कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे’ एवढेच विचारले. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, आणि उत्तर मुदतीत आलेही. ते असे की, आपला अर्ज कलम ६(३) अन्वये संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधित विभाग कोणता हेच तर मी विचारले होते. तो ज्या अर्थी वर्ग झाला त्या अर्थी कोणाला तरी ते ठाऊक आहे, एवढी माहिती मात्र मला दहा रुपयांत मिळाली.

पूर्वी अशा वेळी माणूस नगरसेवकाच्या दारात जाऊन बसत असे. २०२२ च्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हापासून आमच्या प्रभागातील सर्व नगरसेवक एकदम माजी झाले. माजी नगरसेवक हा फार प्रेमळ प्राणी असतो. तो चहा पाजतो, प्रशासनावर आपल्यापेक्षा जास्त चिडतो आणि ‘मी असतो तर’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये बोलतो. तो होता तेव्हाची आठवण आपणही काढू नये, असा संकेत आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र गल्लीत अचानक चैतन्य आले. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या प्रमाणात ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी. बातमी वाचून दाखवताच पानटपरीवर हिशेब सुरू झाले. घोट्याला किती आणि मनगटाला किती, यावर चर्चा होऊन एकाने आपल्या मेहुण्याचे नावही सुचवले. निकाल उत्तम आहे आणि पैसे अखेर कसूर करणाऱ्यांकडून वसूल होणार असतील तर तो औषधासारखा लागूही पडेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण आमच्या बाबतीत पैसे मागायचे कोणाकडे, हा प्रश्न तसाच होता. ज्याला भरपाई हवी असेल त्याने कृपया मालकी निश्चित झालेल्या चेंबरमध्ये पडावे, असे मला सुचवावे लागले.

मग एके सकाळी शासनाची गाडी खरोखरच आली. गल्लीतील मुले ओरडत आत धावली, मी सदरा चढवून बाहेर आलो, तोवर पथकाने टब उचलून गाडीत टाकला होता आणि बांबू उपटण्याचे काम चालू होते. ते अतिक्रमणविरोधी पथक होते. सार्वजनिक रस्त्यावर रहदारीस अडथळा होईल अशी वस्तू ठेवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे कायद्याला धरून होते. मी खड्ड्याकडे बोट दाखवले. पथकप्रमुख वाकून पाहत म्हणाले, “ते आमच्याकडं येत नाही ओ. आमचं रस्त्याच्या वरचं. खालचं वेगळं.” ते चादरीची किनारसुद्धा घेऊन गेले.

शेजारच्या निवृत्त गुरुजींनी यावर इतिहासाचा आधार घेतला. १९३० च्या मे महिन्यात इंग्रज अंमलदारांचा जोर या शहरात संपला तेव्हा काही दिवस स्वयंसेवकांनी शहराचा बंदोबस्त सांभाळला होता. मग एक झाकण आपल्याला का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. वर्गणी काढायचेही ठरले. परंतु स्वखर्चाने झाकण बसवल्यास ते विनापरवाना बांधकाम ठरेल का, अशी शंका मी काढली आणि टबाचा अनुभव ताजा असल्यामुळे ती सर्वांना पटली. गुरुजींनी दुसरा मार्ग सुचवला. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे बुजवले जातात, तेव्हा मार्ग आपल्या गल्लीतून जायला हवा. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात नगराभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली, ज्यांच्या दर्शनाला ही मिरवणूक जाते, आणि तलाव खोदला. त्या अडुसष्टांतले एखादे त्यांनी इकडे पूर्वेला सरकवले असते तर आज आम्हाला हे दिवस आले नसते. तलावाला त्यांनी तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा यांपैकी नेमके काय आधी घेतले, हेही कोठे नोंदलेले नाही, असे मी गुरुजींना म्हणालो. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर निवडणूक जाहीर झाली आणि कार्यालयात सांगण्यात आले की, आचारसंहितेमुळे आता काम करता येणार नाही. आचारसंहितेपूर्वी ते कशामुळे करता येत नव्हते, हे विचारण्याचा मोह मी आवरला, कारण गल्लीत वर्दळ सुरू झाली होती. प्रभागातून निवडून यायचे चार जण, त्यामुळे प्रत्येक पक्षाची माणसे चौकडीने येत आणि चौघेही खड्ड्याभोवती चार बाजूंना उभे राहून फोटो काढून घेत. त्या महिन्यात तो खड्डा इतका सुरक्षित कधीच नव्हता. त्याच्याभोवती सतत माणसे असत. एका उमेदवाराने तर मला, “मालक, हे असंच राहू द्या, रविवारी साहेब येणार आहेत,” अशी विनंती केली.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. निवडून आलेल्यांनी शब्द पाळला, हे लिहिणे भाग आहे. सिमेंटचे एक दणकट झाकण आले, त्यावर पांढऱ्या रंगात प्रभागाचा क्रमांक घातला गेला, नारळ फुटला, आणि अक्कांनी त्या रात्री ओरडण्यातून सुट्टी घेतली. चेंबर कोणाचे हे तेव्हाही ठरले नव्हते. झाकण विकास निधीचे होते.

पुढे मार्च आला. मार्चअखेर शिल्लक निधी संपवायचा असतो, त्या लाटेत मक्तेदाराच्या माणसांनी दोन दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुरेख डांबरी रस्ता केला. इतका सलग, इतका काळाभोर रस्ता आमच्या भागाने पाहिला नव्हता. त्यात कोठेही खाच नव्हती, उंचवटा नव्हता आणि झाकणही नव्हते. ते खाली गेले होते.

एप्रिलमध्ये गल्लीतील मोऱ्या तुंबल्या, आणि जेटिंगची गाडी घेऊन तेच अवेक्षक आले. त्यांच्या माणसांनी पहारीने रस्ता ठोकून पाहिला. सगळीकडून सारखाच आवाज येत होता. त्यांच्या नकाशात हे चेंबर नव्हते. अखेर त्यांनी माझे दार वाजवले. “मालक, तुमच्याकडं फोटो असतील की.” फोटो माझ्याकडे भरपूर होते. प्रत्येकात टब स्पष्ट दिसत होता, पण टब कोठे होता हे सांगणारी वस्तू टबाखेरीज दुसरी नव्हती. मी न लागणाऱ्या दिव्याच्या खांबापासून अंदाजाने पावले टाकत गेलो, त्यांनी तेथे खडूने फुली मारली आणि पहार खाली ठेवली. रस्ता नवा आहे, दोष दायित्व कालावधीत आहे, म्हणजे अजून मक्तेदाराच्या हमीत आहे, तो फोडायला बांधकाम विभागाची परवानगी लागेल, असे ते म्हणाले.

“ती तुम्ही घ्याल ना?” मी विचारले.

“आम्ही घेतलो तर चेंबर आमचं आहे असं होईल की ओ,” ते म्हणाले. “तुम्हीच एक अर्ज द्या. तुमचा हात बसलाय.”

मी आत जाऊन कागद घेतला आणि लिहिले: विषय, गल्लीच्या तोंडाशी असलेले चेंबर सापडत नसल्याबाबत.