मुलाला कशाला ही लस?

मेलबर्नच्या शाळांमध्ये सातवीतल्या मुलामुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची लस देतात. आमच्या चिरंजीवांनीही घेतली हे कळल्यावर पुण्याहून आत्याचा फोन. ‘अरे, बायकांच्या पिशवीच्या कॅन्सरची लस मुलाला कशाला?’ आणि लगोलग, ‘तीही एवढ्या लहानपणी? आपल्या घरातली मुलं तसली नाहीत रे बाबा.’

पहिल्याचं उत्तर सोपं. विषाणू शरीरसंबंधातून दोघांकडूनही पसरतो आणि पुरुषांनाही त्याने घशाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींपासून सुरुवात केली आणि २०१३ मध्ये मुलग्यांनाही घेतलं. दुसऱ्याचं उत्तर देताना जीभ जरा अडखळली. झालेला संसर्ग ही लस घालवत नाही, म्हणून ती आधीच घ्यायची. परपुरुषाकडे कधी न पाहिलेल्या बाईलाही हा विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो. आत्या ‘बरं’ म्हणाली आणि तिने पावसाचा विषय काढला.

चुलतभावाला मात्र असं गप्प करता येत नाही, आणि करूही नये. त्याचं म्हणणं, ‘आपल्या मुली म्हणजे यांची प्रयोगशाळा.’ त्याच्या डोक्यात खम्मम आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला ‘पाथ’ या संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना लस दिली गेली. सात मुली दगावल्या. हे मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असं चौकशीत दिसलं. पण वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डनने सही केली होती. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होते.

इथले आपले लोक अशा वेळी ‘भारतात अडाणीपणा फार’ म्हणून मोकळे होतात. इथले पालक फार विज्ञाननिष्ठ आहेत असं मला तरी दिसलेलं नाही. फरक संमतीपत्राचा आहे. ते पालकांकडेच येतं, त्यात ‘नाही’ असाही पर्याय असतो, आणि मग नगरपालिकेच्या नर्स शाळेत येतात. भावाला हवंय ते नेमकं हेच, फक्त तो त्याला लसविरोध म्हणतो.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. माझ्या मुलाला एकच डोस मिळाला. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये दोनाचा एक केला. त्यामागच्या पुराव्यातला मोठा वाटा भारतातला आहे, आणि त्यात आपली बार्शी आणि पुणेही आहे. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारी चाचणी २००९ मध्ये देशातल्या अनेक ठिकाणी सुरू झाली होती. खम्ममच्या गदारोळात २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि जवळपास पाच हजार मुलींचं एकाच डोसावर राहिलं. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं की विषाणूच्या सगळ्यात घातक दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसाचं संरक्षण जवळपास तीन डोसांइतकंच, सुमारे ९५ टक्के होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एक डोस चालेल असं सांगितलं. म्हणजे प्रयोग आपल्या मुलींवर झाला हे खरंच. मग त्याचा फायदा मेलबर्नच्या मुलांनी घ्यायचा आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींनी नाही, हा कुठला न्याय?

आणि गरज कोणाला जास्त आहे? भारतात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने वर्षाला ८० हजारांच्या आसपास बायका मरतात. लस तर पुण्यात सीरममध्येही बनते. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून मोहीम राबवून ९५ टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत ती पोचवली. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड बायकांना याच कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये गाजल्या. भीती गावोगाव पोचते, साधी तपासणी नाही.

तपासणीचा विषय आत्यासाठी, कारण साठीतल्या बाईला लसीचा उपयोग नाही. इथे पंचविशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत दर पाच वर्षांनी एचपीव्हीची चाचणी होते आणि २०२२ पासून बाई स्वतःच नमुना घेऊ शकते. उस्मानाबाद जिल्ह्यात लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता; अशा एकाच चाचणीने मृत्यू निम्म्यावर आल्याचं त्यात २००९ सालीच दिसलं. आत्याची आजवर एकदाही झालेली नाही. ‘मला कुठे काय होतंय?’ म्हणते. भावाला म्हटलं, मुलीच्या लसीवर आपण आणखी भांडू, आधी तू आत्याला घेऊन जा.