बटन दाबून खाते म्हणे

आज आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं. शेवटची पंगत चारला उठली, भांडी आत्ता कुठं आवरली. पाय दुखून राहिले आहेत आणि डोकं त्याहून जास्त. झोप काही येणार नाही, म्हणून लिहायला बसले. लांब होईल, आधीच सांगते. ज्यांना फक्त महालक्ष्म्यांचे फोटो पाहायचे आहेत त्यांनी खालची पोस्ट बघावी.

झालं असं की भरल्या पंगतीत मोठ्या भाऊजींनी माझ्या भाचीला विचारलं, "काहून व, शिकाले गेली का आराम कराले? सकायी कपात काहीतरी घालते, बटन दाबते अन खाते म्हणे! मायक्रोवेव्हचं खाऊन कॅन्सर होते, मालूम आहे का तुले?" पंगत हसली. पोट्टी तेव्हा पातोड्या वाढत होती. तीही हसली आणि पुढच्या पानाकडे सरकली. मी आंबिलीचं भांडं घेऊन मागंच उभी होते. सणाचा दिवस, सवाष्णी जेवून राहिल्या, म्हणून तोंड बंद ठेवलं. आता बंद ठेवत नाही.

भाची अमरावतीला बीएस्सी करते. मधल्या ताईचं गाव नेर तालुक्यात, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. वसतिगृहाच्या यादीत पोरीचा नंबर लागला नाही, म्हणून गाडगेनगरच्या बाजूला एका खोलीत चौघी जणी राहतात. घरमालकाची पहिली अट अशी की खोलीत गॅस नाही, शेगडी नाही, कॉइल तर नाहीच नाही. मेसचा डबा अकराला येतो. प्रॅक्टिकल साडेसातला असतं. आता भाऊजी, या दोन वेळांच्या मधात पोरीनं काय करायचं ते तुम्हीच सांगा. ठेल्यावरचा आलुबोंडा रोज? चहात बुडवून टोस्ट? की नुसता उपास?

मार्चमध्ये बोर्डाच्या मॉडरेटरच्या मीटिंगला अमरावतीला गेले होते, तेव्हा रात्री तिच्याच खोलीवर मुक्काम केला. ती सकाळ मी विसरत नाही. पाचच्या आधी एक पोट्टी उठली, पोलीस भरतीवाली. ग्राउंडवर आठशे मीटर आणि गोळाफेकीचा सराव. तिनं मोठ्या कपात दोन अंडी फोडली, कांदा, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, मीठ टाकून फेटलं आणि मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट ठेवलं. काढलं, ढवळलं, पुन्हा अर्धा मिनिट. फुगून कपाच्या वर आलेलं ते अंडं तिनं उभ्याउभ्याच खाल्लं, बूट घातले आणि गेली. मग आमची उठली. ताईनं गावाकडून बरणी भरून रवा पाठवलेला असतो. तेलात मोहरी, कढीपत्ता, लाल मिरच्या, फल्लीदाणे घालून खमंग भाजलेला, मीठही त्यातच. कपात चार चमचे रवा, त्याच्या अडीचपट पाणी, दोन मिनिटं, मधात एकदा काढून ढवळायचं नाहीतर गोळे होतात. वरून ताटली झाकायची, वेणी घालून होईस्तोवर तो आतल्या वाफेनं फुलतो. तिसरीनं रात्रीच्या पोळ्या कुस्करून, तिखट-मीठ लावून, पाण्याचा हबका मारून गरम केल्या. आणि चौथी! तिनं कंपासपेटीतल्या कर्कटकानं बटाट्याला भोकं पाडली, नाहीतर तो आत फुटतो म्हणे, आणि पाच मिनिटांत उकडून दाण्याच्या चटणीसोबत खाल्ला.

कोणी कोणाला उठवलं नाही. कोणी कोणाची वाट पाहिली नाही. सहाला सगळ्यांची पोटं भरलेली आणि कप धुऊन पालथे.

हे आराम करणं आहे?

मायक्रोवेव्ह माझ्याच घरचा जुना आहे, वीस लिटरचा. मी दिला. त्याच्या दारावर पोरींनी मार्करनं लिहून ठेवलंय, "स्टील नाही. अंडं कवचासकट नाही." यातलं पहिलं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, डबा तसाच आत ठेवला तर ठिणग्या उडाल्या. आपल्याकडे आयुष्यच स्टीलच्या डब्यात जातं, त्यांना तरी काय माहीत. आता दोन काचेचे वाडगे आणि चिनी मातीचे कप आहेत.

आता कॅन्सरचं. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, भाऊजी, आणि तुम्ही माझ्या घरी माझ्यासमोर हे बोललात! त्या डब्यात २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी असतात. अन्नातल्या पाण्याचे रेणू त्यांनी हलतात आणि अन्न गरम होतं, विषय संपला. क्ष-किरणांसारखी अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नसते. दार उघडलं की लहरी बंद, आणि अन्नात काहीही शिल्लक राहत नाही. तुमच्या खिशातला मोबाईल ज्या वायफायवर दिवसभर किर्तन ऐकवतो ना, तेही याच्या अगदी शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं. ते चालतं, उपमा चालत नाही. थोड्या पाण्यात थोडा वेळ शिजतं म्हणून भाजी उकळून पाणी फेकण्यापेक्षा क जीवनसत्त्वही जास्त टिकतं. बरं, साधं प्लास्टिक आत घालू नये, ते खरं. ते पोरींना माहीत आहे.

आणि विजेचं बिल म्हणाल तर तेही घ्या. बाराशे वॉट, जास्तीत जास्त तीन मिनिटं धरा. एका युनिटमध्ये सोळा वाट्या उपमा. घरमालकाचं सबमीटर कितीही पळू दे.

मान्य, भाकर त्यात होत नाही. चुनाला, म्हणजे पिठल्याला, कढईची चव येत नाही, फोडणी चुरचुरत नाही. आणि लाईट गेली की ते नुसतं डबडं आहे. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, कोळसा आपला, राख आपल्या छातीत, आणि तरी खेड्यात पहिली लाईट आपलीच जाते, हा विषय वेगळा आहे. त्यावर लिहायला बसले तर सकाळ होईल.

मूळ मुद्द्यावर येते. "आमच्या वेळी शिळी भाकर आणि चटणी खाऊन शिकलो," हेही भाऊजी म्हणाले. खाल्ली असेल हो. पण ती भाकर थापली कोणी? तुमच्या आईनं. मला त्यांनीच सांगितलंय, ओट्यावर बसून, की रात्री दहाला भाकरी टाकायच्या, पहाटे चारला उठून पाणी भरायचं, मग दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं. तुमची ती साधी शिदोरी बाईच्या झोपेतून कापलेली होती. तेव्हाही तुम्ही बटनच दाबत होता, फक्त ते बटन माणसाचं होतं. आज सोळा भाज्या, पुरण, कढी, पातोड्या, आंबील झाली, त्यासाठी आम्ही पाच जणी तीन वाजल्यापासून उठलो होतो. तुम्ही आंबील तिसऱ्यांदा मागितली आणि वर विचारलं, जरा आंबट झाली का. आमची पोट्टी निदान स्वतःचा कप स्वतः विसळते.

थांबते जरा. पाणी पिऊन आले.

भाऊजी वाईट माणूस नाही, हे लिहायलाच पाहिजे. ज्या साली सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला आणि मधल्या ताईकडे काहीच हाती लागलं नाही, त्या साली पोरीची फी यांनीच भरली. कोणाला सांगितलंही नाही, मला मोठ्या ताईकडून कळलं. त्यांच्या दुकानात गाडगेबाबांची दशसूत्री फ्रेम करून लावलेली आहे, पहिलीच ओळ "भुकेलेल्यांना अन्न". खोटं नाही त्यांचं ते. म्हणून तर जास्त लागलं. फी भरणाऱ्या माणसाला ती पोरगी सकाळी काय खाते याची लाज का वाटावी?

आणि पंगतीत हसलेल्या बायांनो, तुम्हीसुद्धा. तुम्हाला वाटतं पोरीनं नाश्ता "केला" पाहिजे, म्हणजे ओट्याशी उभं राहून, घाम गाळून, कढई घासून. तीन मिनिटांत झाला की तो लाडावलेपणा. तिच्या त्या वाचलेल्या पाऊण तासात ती काय करते माहीत आहे? मार्चच्या त्या सकाळी ऑरगॅनिकच्या रिॲक्शन म्हणत होती, एका हातात कप आणि दुसऱ्या हातात वही. मी अंथरुणात पडून ऐकत होते. एक चुकली, मी सांगायच्या आत तिनंच सुधारली.

माझ्या स्वतःच्या वर्गाचं सांगते. आठवीपर्यंत शाळेत सरकार खिचडी देतं, नववीपासून पोरांचं पोट कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही. तामिळनाडूनं २०२२ मध्ये प्राथमिकच्या लेकरांना सकाळचा नाश्ता सुरू केला, आपण दुपारच्या खिचडीवरच अडलो. अकरावीची पोट्टी मानव विकास या सरकारी योजनेच्या बसनं, नाहीतर पहिल्या एसटीनं येतात. बसच्या वेळेत माय निंदायला जायच्या तयारीत, चूल पेटलेली नसते. पहिल्या तासाला मी प्रोजेक्टाइल मोशन शिकवते आणि मागच्या बाकावर डोकी टेकलेली दिसतात. आधी वाटायचं रात्री मोबाईल पाहतात. काही पाहतातही. पण बाकीच्यांना विचारलं की "काय खाऊन आला?" तर उत्तर येतं, "च्या." आणि आमच्या स्टाफ रूममध्ये मायक्रोवेव्ह आहे. त्यात आम्ही चतुर्थीची साबुदाण्याची उसळ गरम करतो. पोरांनी हात लावायचा नाही, बिघडवतील म्हणून!

काही सर म्हणतील, कॉलेज आहे की खानावळ. म्हणू द्या. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या व्हरांड्यात सोळा अँपिअरचा पॉइंट आहे, मी टेस्टर लावून पाहिला, चालू आहे. प्राचार्यांशी बोलले, ते "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे हो असतं, फक्त मशीन आपण आणायचं. रवा पोट्टे घरून आणतील, त्याची काळजी नाही, गावागावात भाजून द्यायला माया आहेत. मला एक चालू मायक्रोवेव्ह पाहिजे, साधा, ग्रिलबिल नको. आतली ताटली फुटलेली असली तरी चालेल, ती यवतमाळला मिळते. काचेचे वाडगे असतील तर तेही द्या.

भाऊजी, पोस्ट तुम्ही वाचणार, मोठी ताई वाचून दाखवेलच. तुमच्या लेकाच्या लग्नात आलेला मायक्रोवेव्ह अजून खोक्यातच आहे आणि त्यावर तुम्ही लोणच्याची बरणी ठेवता, हे मला माहीत आहे. सोमवारी ऑटो पाठवू का?