मावशींच्या पिशवीतला कागद

चतुर्थीच्या आधी आमच्या शेजारच्या मावशींच्या गळ्यातलं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी हिसकावलं. मावशी रस्त्यावर आपटल्या, उजवं मनगट मोडलं. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी दवाखान्यातून प्लास्टर घालून आल्या आणि दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन सगळं सांगून आल्या.

मग दर सोमवारी कदंबच्या बसने फेरी. साहेब बंदोबस्ताला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. चार महिन्यांनी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून, आधार कार्डाला चिकटलेला तो कागद काढून माझ्या हातात दिला. शिक्का होता, तारीख होती, गुन्ह्याचा नंबर नव्हता. तो नुसता अर्ज होता. एफआयआर, म्हणजे गुन्ह्याची रीतसर पोलीस नोंद, झालाच नव्हता! "गो, सही घेतली, शिक्का मारला, आणखी काय हवं?" मावशी विचारत होत्या. मला रडू आलं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फुकट आणि लगेच मिळायला हवी. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं. आम्ही तेच केलं. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवली आणि तीन आठवड्यांनी गुन्हा नोंद झाला. आता तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत मावशींना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. फेऱ्या त्यांनी का माराव्यात?

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात आहे. चोर सापडला नाही तरी इजा झालेल्या माणसाला नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करता येतो, आणि त्याची चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. मोडलेल्या मनगटाने चार महिने भाकरी न थापता आलेल्या बाईला यातलं एकही वाक्य कोणी सांगितलं नाही. ना स्टेशनवर, ना दवाखान्यात. आरोपीला अटक करताना कारण सांगावं लागतं, हक्क सांगावे लागतात, आणि ते योग्यच आहे. पण जिचं गेलं तिला बाकड्यावर बसवून ठेवायचं, हे मला मान्य नाही.

आमच्या पंचायतीच्या फलकावर डेंग्यूची सूचना आहे, घरपट्टीची आहे. १५१०० हा विधी सेवेचा मोफत नंबर कुठेच नाही. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. मावशी म्हणाल्या, मीही येते, कागद घेऊन.