ताराब हॉटेलच्या गच्चीवर ऐकू नका

पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारच्या स्टोन टाउनला जाणाऱ्या प्रत्येकाला मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, की ताराब, म्हणजे तिथलं पारंपरिक संगीत, हॉटेलात जेवता जेवता ऐकू नका. वाजवणारे उत्तमच असतात, प्रश्न त्यांचा नाही. पण समोरचे लोक गप्प बसून जेवायला लागले की अर्धं ताराब तिथंच संपतं.

ते ऐकावं लग्नघरी, बायकांच्या गर्दीत. कानून आणि ऊद ही अरबी तंतुवाद्यं, व्हायोलिन, अकॉर्डियन वाजत असतात. गायिका एखादी ओळ घोळवते आणि बसलेल्यांतली एक बाई उठते. नटूनथटून, संथ पावलांनी नाचत पुढे येते, पैशांची नोट सगळ्यांना दिसेल अशी उंच धरते आणि गायिकेला देते. याला 'कुतुंझा' म्हणतात. आपल्याला दौलतजादा आठवेल, पण इथे देणारीही बाईच. कोणत्या ओळीला ती उठली, नोट देताना तिनं कुणाकडे बघितलं, शेजारणीकडे की सवतीकडे, ते जिला कळायचं तिला बरोबर कळतं. भर मांडवात भांडण होतं, आणि तोंडातून अवाक्षर निघत नाही! हे काढून घेतलं तर उरतात फक्त गोड सूर.

मुळात हे राजवाड्यातलं संगीत. झांझिबारचा सुलतान बर्घश याच्या काळात इजिप्तहून आलेलं, अरबीत गायलं जाणारं. ते स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत, गल्लीबोळांतल्या माणसांपर्यंत नेलं गायिका सिती बिंती साद यांनी. आईवडील गुलामगिरीतले, स्वतः मडकी विकायच्या. एका बाईचा खुनी पळून गेला आणि कोर्टानं साक्षीदारांनाच तुरुंगात टाकलं, त्यावरही त्यांनी गाणं केलं. ज्या काळात गरिबाची फिर्याद कुणी ऐकत नव्हतं, त्या काळात! माझ्या लेखी त्या पूर्व आफ्रिकेतल्या सर्वांत धाडसी गायिका.

आणि १९२८ साली त्यांचं ध्वनिमुद्रण झालं ते आपल्या मुंबईत, एचएमव्हीसाठी. स्वाहिली गाण्यांच्या अगदी पहिल्या तबकड्यांमधल्या या तबकड्या. मुंबईच्या संगीताच्या इतिहासाबद्दल आपण इतकं भरभरून बोलतो, त्यात सितींचं नाव यायलाच हवं.

झांझिबारला जाणार असाल तर १९०५ पासूनच्या इख्वानी सफा या ताराब क्लबची चौकशी करा. फेब्रुवारीत 'साउती झा बुसारा' हा संगीत महोत्सव असतो, तोही चांगला. पण कुणी लग्नाला बोलावलं तर बाकीचे सगळे बेत रद्द करा.

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांपैकी कुणाकडे एचएमव्हीची स्वाहिली तबकडी असेल, तर कृपया कमेंटमध्ये लिहा. मला ती ऐकायची आहे.